एकसाली

इंदिरानगर, नाशिक
१२ मार्च १९९६

ती. पुंजादादास,
सविताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व ठीक. दवाखान्यातली माझी नोकरी कायम झाली. पावसाळ्यात आपल्या शेताची माती ओढ्याला जाते, ते आठवून जीव तुटतो. यंदा बांध घाल, आंबा लाव. कलमं मी पाठवते. तुझं 'बघू' म्हणजे पुढच्या जन्मी, असं वहिनी म्हणते. लोभ आहे तो वाढावा.
तुझी सविता

बोरीपाडा, ता. सुरगाणा
२ एप्रिल १९९६

चि. सवितास अनेक आशीर्वाद. नोकरीचं वाचून बरं वाटलं. स्वतः कायम झालीस म्हणून तुला सगळंच कायम दिसतं. आपली जमीन जंगल खात्याची, एकसाली. एका सालापुरती कसायची. आंबा लावला तर झाड जंगलाचं. शेजारच्या दत्तूने बांध घातला, तर गार्डाने त्यालाच तो मोडायला लावला. आम्ही सगळे हसलो. नागली पेरावी, कापावी, कुणाच्या नजरेत येऊ नये. तुझी वहिनी भागी मला भित्रा म्हणते, तुझ्याच बाजूची ती. कलमं तुझ्या दारात लाव.
तुझा दादा

इंदिरानगर
५ ऑगस्ट २००८

ती. दादास शि. सा. नमस्कार. नव्या कायद्याने जुन्या कसणाऱ्यांच्या नावावर जंगलजमीन होणार आहे. दावा लगेच टाक. आता 'बघू' म्हणू नकोस, पाया पडते.
सविता

बोरीपाडा
१९ नोव्हेंबर २००९

चि. सवितास आशीर्वाद. आपला दावा फेटाळला. पाहणीला आलेले म्हणाले, जमीन कसल्याची जुनी खूण दाखवा. बांध, विहीर, लावलेलं झाड. खूण राहू नये म्हणूनच तर मी जन्मभर जपलो. म्हाताऱ्या नवसाबाईने सांगितलं, पुंजाचा बापही इथंच नांगर धरायचा. नुसत्या तोंडी जबाबावर भागत नाही म्हणाले. दत्तूचा मोडका बांध अजून दिसतो, त्याचं नाव लागलं. आपली माती धुपून खडक वर आलाय. तो पाहून एक साहेब म्हणाले, इथं कुणी पिकवत असेल असं वाटत नाही. फार लागलं ते.

सोमवारी आम्ही वणीकडे द्राक्षबागेत मजुरीला निघतो. पाड्यावर येऊ नकोस, दार बंद असेल. भावावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

काल भागीने विचारलं, बियाण्याची नागली बांधून घ्यायची का. मी म्हणालो, दळून टाक. तिने जातं मांडलं.
तुझा दादा