बोअर माझ्या नियंत्रणात आहे

५ मार्च, सकाळ

आंघोळीच्या पाण्याला वास. मंदा म्हणते, पेट्रोलचा. मी म्हटलं, नवा साबण असेल. तिने बादलीच माझ्या नाकाखाली आणून धरली. पाण्यावर जांभळे-हिरवे तवंग. आंघोळ रद्द केली. घाबरून नव्हे, हवा गार होती. पंखा पाचावर आहे, असं मंदाने मुद्दाम सांगितलं.

पिण्याला कॉर्पोरेशनचं पाणी, बाकी सगळ्याला सोसायटीचा बोअर. सेक्रेटरी मी. शिवाय सारी नोकरी पेट्रोलियम कंपनीत झालेली. परचेस खात्यात का होईना, संबंध तेलाशीच. हे प्रकरण दुसऱ्या कुणाला झेपणारं नाही.

संकल्प: कुणाला कळू द्यायचं नाही. उगाच घबराट पसरते.

दुपार

मंदाने सगळ्यांना सांगितलं.

६ मार्च

तपास पूर्ण. आपल्या कंपाउंडला लागून तो बंद पडलेला पेट्रोल पंप आहे. त्याची टाकी अजून जमिनीतच, गंजून गळत असणार. खात्री करायला भिंतीवरून वाकून पाहिलं, तर खाली काहीतरी गुडगुडलं. ताबडतोब घरी आलो. निष्कर्ष डोक्यात ताजे असतानाच लिहिलेले बरे.

तळमजल्यावरच्या यशश्रीने जिन्यात गाठलं. खांद्यावरचं बाळ नुकतं मान धरायला लागलंय, त्याच्या पाठीवर पुरळ. काका, ह्या पाण्याने घालू का हो आंघोळ? म्हटलं, दोन दिवस पुसून घे, बाकी माझ्यावर सोड. लिफ्ट टाळली. ठिणगी उडू शकते. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलो. व्यायाम झाला.

८ मार्च

उपाय सापडला. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. मग उपसून टाकलं की संपलं! बोअरची मोटर अखंड चालू ठेवायची, पाणी थेट गटारात. इतकी सोपी गोष्ट कुणाला सुचू नये? मंदा म्हणाली, आधी कुणा जाणकाराला विचारा. म्हटलं, विचारलंय. कुणाला, म्हणाली. मी विषय बदलला.

९ मार्च

वास वाढला. उत्तम लक्षण. घाण सुटते आहे.

संध्याकाळी खाली उभा होतो. गटाराच्या कडेला एक रिक्षावाला विडी पेटवायच्या बेतात. ओरडायला वेळ नव्हता. पायातली चप्पल फेकून मारली. ती त्याच्या कानाला लागली, काडी धुळीत पडून विझली. तो गुजरातीत जे काही बोलला ते इथे लिहीत नाही. मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती.

मोटर बंद करावी का, असं क्षणभर मनात आलं. पण अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

११ मार्च

मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर वाईट येतंय.

सकाळी यशश्री बाळाला घेऊन वर आली. चेहरा पांढराफटक. स्वयंपाकघरात फरशीच्या फटींतून वास येतोय, म्हणाली, डोकं गरगरतंय. गॅस पेटवणारच होते, पण हात पुढे होईना. मी म्हटलं, खिडक्या उघड. मंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळ घेतलं, फायर ब्रिगेडला फोन लावला आणि दारोदार जाऊन सगळ्यांना रस्त्यावर आणलं. एकाही बटणाला हात लावू नका, म्हणत होती. हे तिला कुणी शिकवलं?

बंबवाल्यांनी बाहेरूनच सोसायटीची वीज तोडली. एकजण हवेतली वाफ मोजायचा मीटर घेऊन तळमजल्यावर गेला. ते यंत्र किंचाळायला लागलं. लोकांनी जवळ जाऊ नये म्हणून मी सगळ्यांत लांब उभा राहिलो.

१३ मार्च

मुक्काम जुन्या शहरात, दांडिया बाजारात, मंदाच्या भावाकडे. यशश्री आणि बाळही इथेच.

सोसायटीत गेलो होतो. भूजलाच्या तज्ज्ञ आल्या आहेत, सुनेत्राबाई. ठिकठिकाणी लहान बोअर घेऊन पाणी आणि माती तपासताहेत. मोटर कुणी जास्त चालवली का, असं त्यांनी विचारलं. थोडीफार, म्हटलं. थांबवलीच नाही हो ह्यांनी, मंदा म्हणाली.

बाईंनी काडीने धुळीत चित्र काढलं. गळलेलं पेट्रोल आधी पंपाच्याच आवाराखाली होतं, इकडे थोडंसंच झिरपत होतं. बोअर जोरात उपसला की आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे धावतं, आणि पाण्यावरचं पेट्रोलही. वाटेत यशश्रीचं घर.

म्हणजे मी ते बाहेर काढत नव्हतो, आत बोलावत होतो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१६ मार्च

सोसायटीची मीटिंग, देवळाच्या हॉलमध्ये. सुनेत्राबाईंनी सांगितलं, टाकी उकरून काढायची, भिजलेली माती खणून न्यायची, जमिनीतली वाफ नळ्यांनी ओढून घ्यायची, मग पाणी स्वच्छ करायचं. वरचे मजले काही आठवड्यांत राहायला मोकळे होतील, पण तळमजला निदान वर्षभर नाही.

मी चार शब्द तयार करून नेले होते. अनुभव, तातडीचे निर्णय, असे मुद्दे. उभा राहिलो.

यशश्रीनेच आधी विचारलं. काका, बाळाला पुढे काही होणार नाही ना? टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं, मला माहीत असेल.

सगळे माझ्याकडे बघत होते. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं, तोंड उघडं. पुरळ उतरलंय, डॉक्टर म्हणतात रक्त पुन्हा तपासू. यापलीकडे कुणालाच काही माहीत नाही. मला तेवढंही यशश्रीकडूनच कळलेलं.

मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

मंदाने माझी बाही ओढली. बसा आता, म्हणाली.

आतून मी केव्हाच बसलो होतो.