निमंत्रकाची ओळ

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कोल्हापूर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. नीलाअक्का यांस,
महादेवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडं खुशाल. शांभवी वारणानगरला हॉस्टेलात खुशाल, सबमिशनच्या नावानं बोंब मारत असते. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडं बघता? तुमचा बाळासो आज गुजरीत सराफाला चांदीचा माल द्यायला आलाय, त्याच्याच हातनं हे पाकीट पाठवते. तो विचारत होता, मामी, फोन हाय की, पत्र कशाला? आता लेकाला त्याच्या आईची तक्रार काय सांगू. फोन केला की तुम्ही स्पीकर लावता, मांडीवर पैंजण घेता आणि घुंगरं जोडत जोडत बोलता. मग माझं बोलणं तुमच्याबरोबर अख्खा कारखाना ऐकतो. हे मला कारखान्याला ऐकवायचं नव्हतं.

पाकीट जड लागलं असेल. आत एक पत्रिका आहे, एक ठसा, शाईची गादी आणि एक डबी. डबी लगेच उघडू नका, सांडेल. त्याचं पुढं सांगते.

तुळशीची लग्नं सुरू झाली आणि माझ्याकडं पत्रिकांची रांग लागली. मोबाईलवर आवताण धाडायच्या दिवसांत हातानं केलेली पत्रिका कोण घेणार, असं तुम्हीच म्हणाला होता. घेतात की. गावाला मोबाईलवर जातं, पण मानाच्या घरी हातात द्यायला चांगली पत्रिका लागते. जाड हातकागद घ्यायचा, रबरी ठसा चिकट शाईच्या गादीवर टेकवून कागदावर दाबायचा, शाई ओली आहे तोवर वर पावडर पेरायची. जादा पावडर झटकून परत डबीत. मग यंत्रानं गरम हवा मारली की पावडर वितळते आणि अक्षर फुगून वर येतं. इतक्या वर्षांनंतरही ते वर येताना बघायला मला आवडतं. सांडलेली पावडर कुंच्यानं गोळा करायची सवय मात्र तुमचीच. नवी नवरी होते, माझ्या हातनं चांदीचा कीस सांडला, तर तुम्ही अख्खी खोली झाडून घेतली होती माझ्याकडनं. विसरले नाही मी.

मागच्या वर्षी माझी एक फजिती झाली, ती तुम्हाला सांगितली नव्हती. राजारामपुरीतल्या एका बाईंच्या मुलाची, राजवर्धनची पत्रिका होती. वर गणपती हवा. ठसा उलटा उमटतो म्हणून मी शहाणीनं गणपती आधीच उलटा काढून ठसेवाल्याला दिला. आणि ठसेवाला तर चित्र उलटंच कोरतो, ते त्याचं कामच. व्हायचं ते झालं. सगळ्या पत्रिकांवर उजव्या सोंडेचा गणपती उमटला. त्याचं सोवळं लग्नघरात सांभाळणार कोण? बाईंनी गठ्ठा जसाच्या तसा माघारी धाडला.

मी तणतणत लक्ष्मीपुरीत ठसेवाल्याच्या दुकानात. तुम्हाला माझं तोंड माहीत आहे, चालू झालं की झालं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, माझं चित्र उजेडावर धरलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, उलटं करायचं काम माझं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून नवा ठसा करून दिला. वर संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले आणि पावडर झटकायला बसले, कारण पत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या.

त्यांचं नाव श्रीशैल. आपल्यातलेच आहेत, मूळ निपाणीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिवसभर 'सत्यप्रत' आणि 'सरपंच' असले ठसे करत बसायचं. बोलणं इतकं कमी की आधी मला वाटायचं, रागावलेत. माझं मनगट दुखायला लागल्यापासून संध्याकाळी येऊन गरम हवेचं यंत्र तेच धरतात. यंत्र चांगलं धरतात, कागद कधी पिवळा पडू देत नाहीत. खर्डा-भाकरी आवडते. शांभवी रविवारी आली की त्यांना छळते, काका, आज किती शब्द झाले म्हणून विचारते. ते बोटं मोजून दाखवतात.

अक्का, तुमच्या लक्षात आलं असेलच. चांदीतली भेसळ तुम्ही नुसत्या नजरेनं ओळखता, तुमच्यापुढं मी किती वेळ पावडर आणि गणपती सांगत बसणार.

श्रीशैलनी मला लग्नाचं विचारलंय. आणि मला हो म्हणायचंय.

लिहिलं एकदाचं. मधे उठून चहा करून आले, तो तसाच गार झालाय.

शांभवीला आधी सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली, आणि मग म्हणाली, "आई, आत्याला सांगितलंस?" तिथंच माझं अवसान गेलं. तुमच्या भावाला मी विसरले असं तुम्हाला वाटलं, तर ते मला सोसायचं नाही. सकाळी विभूती लावताना अजून मी त्यांच्या फोटोकडं बघून दिवसाचं काम सांगते. श्रीशैलना हे माहीत आहे. परवा फोटोचा खिळा ढिला झाला, तो त्यांनीच ठोकून दिला. फोटो आहे तिथंच राहील.

सासूबाईंच्या माघारी तुम्ही त्यांना कडेवर घेऊन वाढवलंत. ते गेले त्या दिवशी बायका माझ्या बांगड्या काढायला आल्या, तेव्हा तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. भाऊ तुमचा गेला होता, आणि तुम्ही माझ्या बांगड्या राखत होता. ज्या बाईनं एवढं केलं तिच्याकडं आणखी काही मागताना मला लाज वाटते. पण मागतेच आहे.

आता त्या पत्रिकेचं. दुसऱ्यांच्या पत्रिका करण्यात माझा जन्म गेला. कुणाच्या काकाचं नाव राहिलं म्हणून कोण लग्नाला आलं नाही, हे सगळं मला पाठ. माझी स्वतःची करायला बसले, बेलपानाचा ठसा मारला, दोघांची नावं उठवली, आणि खाली येऊन अडले. नवरी स्वतःच्या लग्नाचं निमंत्रण स्वतः देत नाही. वडील नाहीत. माहेरी भावाला विचारलं, तो म्हणाला, तुझं तू बघ. मग माझं घर कुठलं, असा विचार केला, तर तुमच्या हुपरीशिवाय दुसरं आठवेना.

म्हणून पत्रिकेत दोन जागा रिकाम्या ठेवल्यात. एक वर, 'आमची' आणि 'महादेवी' यांच्या मधे. तिथं काय घालायचं ते मला कळलं नाही. भावजय लिहून कुणी लग्नाला बोलावतं का? दुसरी खाली, निमंत्रकाची. तुमच्या नावाचा ठसा श्रीशैलनी केलाय. डबीत चांदीच्या रंगाची पावडर आहे.

तुमचं नाव आलं नाही तर ही पत्रिका पुरी होणार नाही, आणि हे लग्नही होणार नाही. तसं मी त्यांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, "अक्का नाही म्हणाल्या तरी संध्याकाळी यंत्र धरायला येईन." त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

राग आला तर ठसा चुलीत घाला. पण माझ्याशी बोलणं टाकू नका अक्का. तेवढं नको.

तुमची
(कोण, ते तुम्हीच ठरवा)
महादेवी


॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

हुपरी,
सोमवार, २५ नोव्हेंबर

चि. महादेवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इतके दिस उत्तर न्हाय म्हणून तुझा जीव टांगणीला लागला असंल. लागू दे. माझा बी लागलाता.

खरं सांगते, आधी राग आला. लई आला. प्रभुलिंगचा फोटू मांडीवर घेऊन बसले आणि त्याला म्हटलं, बघ तुझी बायको काय म्हणत्या. त्यो काय बोलतोय. मग मी बी कुणाशी बोलले न्हाय. आमचे मालक म्हणाले, कारखान्यात कशी शांतता हाय, अशीच ऱ्हाऊ दे. ठसा घेऊन चुलीपातूर गेलते.

मग चुलीम्होरं बसून इचार केला, मला राग नेमका कशाचा आलाय? त्यो माणूस प्रभुलिंगची जागा घेतोय म्हणून? ती जागा कुणाला घेता येती. राग आला तो तू जातीयास म्हणून. आई गेली, भाऊ गेला, आता तू बी चाललीस असं वाटलं. आणि पत्र परत वाचलं तर तू लिवलंयस, घर म्हणून हुपरीच आठवली. मग जातीयास कुठं?

काल कारखाना बंद ठेवून तुझी डबी उघडली. ठसा आधी पेपरावर मारून बघितला, मग पत्रिकेवर. जरा तिरका बसलाय. पावडर सांडली, कुंच्यानं गोळा केली. गरम हवेचं यंत्र आमच्यात कुठलं. घुंगरं जोडायची गॅसची नळी पेटवून लांबनं धरली. कागदाचा एक कोपरा जळला. पण अक्षरं उठली. बोट फिरवलं तर माझं नाव बोटाला लागलं, आणि तवा मला रडू आलं. मालकांनी बघितलं, बघून न बघितल्यागत केलं.

श्रीशैलला म्हणावं, येत्या रविवारी जेवायला ये. बोलायचं नसलं तर बोलू नको, मी बोलीन. यंत्र संगं आण, मला ते शिकायचंय.

ती पत्रिका तुला माघारी मिळणार न्हाय. पयली पत्रिका देवाची असती, जळकी तर जळकी, वीरभद्राम्होरं ठेवलीया. ठसा बाळासोबरोबर धाडते, बाकीच्या तू कर. वरची रिकामी जागा मी पेनानं भरलीया, सगळ्या पत्रिकांवर तसंच आलं पायजे. प्रभुलिंगला मी पोटच्या पोरागत वाढवला, त्याची बायको माझी कोण लागती ते तुला एवढी शिकून बी कळलं न्हाय. 'आमची लेक महादेवी' असं लिवलंय.

खाली सही करत न्हाय. तू धाडलेला ठसाच मारलाय.

निमंत्रक,
सौ. नीलांबिका मल्लाप्पा शेटे