सूर घसरतो ती जागा

खामगाव, गुरुवार, दिवेलागण

रहीमचाचाच्या रेडिओच्या दुकानात आज माझ्या जुन्या साथीदाराची, वसंताची नवी रेकॉर्ड ऐकली. मुंबईले गेल्यापासून त्याची काही खबरच नव्हती. आता रेकॉर्डवर त्याच्या एकट्याचंच नाव. नुसता त्याचा विजेवर चालणारा बाजा, अन् चाल अशी की झोपेत कोणी हाक मारावी. मधेच सूर खाली घसरला. मी झटकन बल्बकडे पाहिलं. बल्ब तर नीट होता.

चाचाले पुन्हा लावायला सांगितली. त्याच जागी घसरला, म्हणजे रेकॉर्डमध्येच होतं ते.

"काऊन बे, मुंबईतबी लाइट कमी होते का?" चाचा हसले.

आम्ही जोडीनं लग्नांत वाजवायचो, तेव्हा लाइट कमी होऊन बल्ब मंद झाला की वसंताचा बाजा असाच घसरायचा. मग मी तबला जोरात बडवून झाकून घ्यायचो. याच कटकटीले वैतागून गेला ना तो? मग आता मुद्दाम काऊन घातलं हे? आठवण म्हणून? की थट्टा करते गाढव?

तिसऱ्यांदा लावली तेव्हा बल्बकडे पाहिलंच नाही. सूर घसरला अन् माझी बोटं आपोआप दुकानाच्या फळीवर पडली.

रेकॉर्डमध्ये तबलाच नाही, तिथं सूर उघडाच घसरते. ती जागा माझ्यासाठी सोडली, की झाकायची गरजच उरली नाही त्याले?