सतरा नंबरची तोटी

सिल्व्हर फोर्क, कोलोरॅडो
९ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक. तू पाठवलेला हिरव्या मिरचीचा रस्सा दोन दिवसांत संपवला. घळीत यंदा बर्फ झकास धरलाय, हॉटेलं भरलीत, आणि आम्ही पाणीवाले कड्यावरच्या तोट्या उघडता-मिटता हैराण आहोत: रात्री पाणी सोडायचं, ते गोठून चढणाऱ्यांसाठी बर्फाचे खांब झाले की पहाटे बंद करायचं.

एक विचित्र प्रकार सांगतो. गेल्या हिवाळ्यात तुझा क्लेटन जिथून पडून गेला, तिथे यंदा पाणी सोडायचं नाही असं ठरलंय. सतरा नंबरची तोटी मी स्वतःच्या हाताने बंद केली. तरी तिथे बर्फाचा खांब उभा! कुणीतरी रोज संध्याकाळी तोटी उघडतं आणि सकाळी ती बंद करत नाही. उजाडल्यावर पाणी चालू राहिलं तर ते बर्फामागे शिरतं आणि खांब खडकापासून सुटतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

मला आधी रूडीचाच संशय आला. त्या दिवशी क्लेटन चढताना खालून त्याचा दोर रूडीच्याच हातात होता, आणि गाव अजून त्यालाच दोष देतं. रविवारी दुकानात गाठलं.

"तोटीशी काय खेळतोस रे?"

"मी? लाइलकाका, मला आता कुणी दोर धरायला देत नाही, तोटी कोण देईल? त्या सकाळी मी ओरडलो होतो, बर्फामागे पाणी वाजतंय म्हणून. चौकशीत तुम्ही काय म्हणालात? पोरा, कान तपासून घे!"

लोक तेव्हा हसले होते. मीही हसलो होतो.

मग कड्यावर बुटांचे ठसे दिसले. लहान बूट, शेजारी काठीची भोकं. तरी मी स्वतःला म्हटलं, कुणीतरी पाहुणी असेल.

काल सकाळी झाडाआड थांबलो. साडेनऊला तू आलीस. घड्याळ हातात धरून उभी राहिलीस. दहाला खांब कोसळला. तू दचकलीससुद्धा नाहीस, वहीत वेळ लिहून घेतलीस.

आर्डिस, तुझा संशय खरा आहे. क्लेटन पडला त्या दिवशी पहाटे पाचला तोटी बंद केली असं मी नोंदवहीत लिहिलं, पण केली नव्हती. खांब अजून बारीक होता. म्हटलं आणखी थोडं पाणी गोठू दे, आणि कॉफी पीत बसलो. विसरलो. लिहायला लाज वाटते, पण विसरलोच. आदल्या दिवशी क्लेटनने विचारलं होतं, "मामा, सतरा तयार आहे ना?" मी म्हटलं, "ये की."

आज आधी रूडीच्या घरी जातोय, मग चौकशीवाल्यांकडे. तू आता कड्यावर जाऊ नकोस, तिथे फार निसरडं आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या वहीत कधीच आली नसती. त्या दिवशी खांब कोसळल्याचा आवाज ऐकून मी धावलो, तो आधी तोटीकडे, ती बंद करायला. क्लेटनकडे नंतर.

त्याचा मामा,
लाइल