सहीपुरती आई

फोर्ट केंट, मेन
८ ऑक्टोबर १९९५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या त्या मित्राचा, रेजीचा ट्रक आता वूस्टरला असणार, म्हणून तूही वूस्टरला. दोन वर्षांतलं हे पाचवं गाव. तुझ्या पायाला भिंगरीच लागलीय, मला मात्र शाळा एकाच गावात पुरी करायचीय.

शाळेच्या बटाटे काढायच्या सुट्टीत तीन आठवडे शेतात वाकले, कंबर मोडून गेली. त्यात दाढ सुजली. डॉक्टर म्हणाले, पालकाच्या सहीशिवाय हात लावणार नाही. अकरा दिवस तुला फोन लागला नाही. मादाम ड्युबे तिच्या धुलाईच्या दुकानावरची खोली द्यायला तयार आहे, पण सोळा वर्षांच्या पोरीशी करार कसा करू, म्हणते.

आता मुद्द्याचं. रागावू नकोस. घर सोडून स्वतःच्या पायावर राहणाऱ्या माझ्या वयाच्या मुलीला कोर्ट पालकांपासून कायद्याने मोकळं करू शकतं. मग खोली, औषधपाणी, सगळं तिच्या सहीने. मी अर्ज केलाय, कोर्टाने वकीलबाईही दिल्यात. संमतीचा कागद सोबत आहे. सही कर. करायची नसेल तर तसं लिही, पण लिही.

लोभ आहे तो असू दे, पत्ता बदललास तरी.
कॉलेट

वूस्टर
२१ ऑक्टोबर

चि. कॉलेट हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

कागद वाचून टाळकंच सटकलं. आईपासून मोकळी होणार म्हणजे काय गं, मी काय दावं आहे? रेजी म्हणाला, पोरगी बरोबर करतेय. त्याला म्हटलं, तू ट्रक चालव, अक्कल चालवू नकोस.

मग शनिवारी तुझ्यासाठी हिवाळी बूट घ्यायला गेले. दुकानदाराने नंबर विचारला आणि मला सांगता येईना. तशीच परत आले, मोटेलच्या चादरी बदलता बदलता रडले आणि सही केली. मी वाईट नाही गं, मला एका जागी राहवत नाही एवढंच.

इथल्या तव्यावर आपली प्लॉयची धिरडी सुटत नाहीत, नुसता लगदा होतो. तू तरी नीट जेवत जा.

माया होती तेवढीच आहे, कोर्ट काहीही म्हणो.
तुझी आई, रोझान

फोर्ट केंट
६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

घोळ झालाय. कोर्टातल्या कारकूनबाईंनी तुझी सही शाळेच्या फायलीतल्या सह्यांशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, संमतीवरची सही खोटी आहे.

आई, ती एकच तर खरी आहे! फायलीतल्या सगळ्या मी केलेल्या. सहलीची परवानगी, लशीचा कागद, आजारपणाच्या चिठ्ठ्या. कागद सकाळी द्यायचा असायचा आणि तू नसायचीस. तुझ्या नावातल्या 'आर'ला मी शेपूट काढते, तू काढत नाहीस, एवढाच फरक. पण तो चांगला हातभर दिसतो.

न्यायाधीशांनी तुला अठ्ठावीस तारखेला समक्ष सही करायला बोलावलंय. खरं सांगितलं, तर खोट्या सह्या करणारी मुलगी स्वतःचा कारभार काय सांभाळणार, असं म्हणून अर्ज फेटाळतील. वकीलबाईंनाही सांगितलेलं नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय. तू ये. माझी एक जुनी चिठ्ठी सोबत जोडलीय, तुझ्या सहीची. बघून हस.

एरवी काही मागत नाही, हे मागतेय.
कॉलेट

वूस्टर
१७ नोव्हेंबर

चि. कॉलेट हिस,
अनेक आशीर्वाद.

मेले, माझ्यापेक्षा झोकात सही करतेस की गं! शेपूट काय, वळण काय. चार दिवस मोटेलच्या कागदी रुमालांवर तीच गिरवतेय. रेजी विचारतो, या वयात स्वतःचं नाव लिहायला काय शिकतेस? त्याला काय कपाळ सांगू. शेपूट अजून थरथरतं, पण अठ्ठावीसपर्यंत बसेल.

शपथ घालत नाही, माझ्या शपथांची किंमत तुला माहीत आहे. येते, एवढंच लिहिते. त्याच दिवशी परत निघावं लागेल, रजा मिळत नाहीये.

भेटीपर्यंत माझ्यावरचा विश्वास, उरला असेल तेवढा, ठेव.
आई

फोर्ट केंट
१४ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू खरंच आलीस. सगळ्यांसमोर, एकदाही न अडखळता, मी करते तशी तुझी सही केलीस. न्यायाधीशांनी नवी सही आणि शाळेची फाईल जवळ धरून पाहिली आणि मान डोलावली. त्यांनी विचारलं, काही म्हणायचंय का, तर तू म्हणालीस, पोरगी माझ्याहून शहाणी आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. पायऱ्यांवर तुला काहीतरी सांगायचं होतं मला. बस आली आणि राहूनच गेलं.

हुकूम हातात आलाय. खोलीचा करार माझ्या नावाने झाला, दाढही काढून झाली. मादाम ड्युबे म्हणते, एकटीने बसू नये, रेडिओ लावावा. लावला की वाटतं पलीकडे कुणीतरी आहे, आणि कुणी नसतंच. म्हणून बंद करते.

काल प्रगतिपुस्तक मिळालं. गणितात वर्गात पहिली आलेय. पालकाच्या सहीच्या रकान्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, आता इथे तूच सही करायचीस. मी पेन घेतलं, आणि हाताने सवयीने तुझं नाव लिहिलं, शेपटासकट. बाई म्हणाल्या, कॉलेट, हे आता चालणार नाही. त्यांनीच पट्टी दिली. मी तुझ्या नावावर रेघ मारली आणि खाली माझं लिहिलं.

दाढ काढताना रडले नव्हते, आई. रेघ मारताना सगळ्या वर्गासमोर रडले.

रागावू नकोस, लोभ सोडू नकोस.
तुझीच,
कॉलेट