लॉनला पाणी देण्याची योग्य वेळ

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून लॉनचं रेकॉर्ड. योगिनीचा काल पुण्याहून फोन. बाबा, एकटे किती दिवस राहणार, सातपूरचं घर भाड्यानं द्या, इकडे या. मी म्हटलं, मला काही कमी नाही. आईचं लॉन बघायला ये एकदा, पूर्वीपेक्षा हिरवं आहे. ती ११ एप्रिलला येणार. दुसऱ्या दिवशी हिचं, योगिनीच्या आईचं, वर्षश्राद्ध. लॉन चांगलं दिसलं तर पुण्याचा विषय काढणार नाही, असं कबूल केलंय तिनं.
लॉन सध्या थोडं पिवळं आहे. सहा आठवडे हातात आहेत. एकतीस वर्षं कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. गवत सांभाळणं अवघड नाही.

२ मार्च
इंटरनेटवर चार लेख वाचले. पाणी पहाटे द्यावं. संध्याकाळी द्यावं. दुपारी देऊ नये. रात्री तर मुळीच नाही, बुरशी येते. पहाट नक्की केली.
गेटच्या आत, डाव्या हाताला दोन टकल्या जागा आहेत. चपलेएवढ्या. शेजारी शेजारी. तिथं कधीच गवत आलेलं नाही. आधी तो दोष काढायचा. बी टाकलं, वर शेणखत.

५ मार्च
शेजारच्या चतुराबाईंनी भिंतीवरून पाहिलं. म्हणाल्या, भाऊ, भात लावता का काय? लय पाणी झालं. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ते ठीक हाय, पण माझ्या ओट्यावर पाणी आलंय.
बाई देवळ्याकडच्या. कांदा लावणाऱ्यांना लॉन कळत नाही.

९ मार्च
पहाट रद्द. पाच वाजता उठतो, पण उठून बसून राहतो. उजाडतं. संध्याकाळ नक्की केली.

११ मार्च, दुपारी ३.२५
गेटची कडी वाजली. बाहेर गेलो. कोणी नाही. वारा असावा.

१२ मार्च, दुपारी ३.२५
पुन्हा कडी. पान हलत नव्हतं. तरीही वाराच.
कंपनीची बस अजून कोपऱ्यावर थांबते. आज ३.२२ ला आली. दोन मिनिटं लेट. मला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

१५ मार्च
संध्याकाळ रद्द. डास. शिवाय कडेनं काळे ठिपके पडलेत.
मग आठवलं. लॉन लावलं तेव्हा हिला मीच सांगितलं होतं, प्रत्येक मशीनला लॉगबुक असतं, लॉनलाही पाहिजे. ही हसली होती. पण लिहायची. माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली. २०१० पासूनची. रोजच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक वेळ. चौदा वर्षांचा डेटा घरात पडून होता आणि मी लेख वाचत बसलो.

१६ मार्च
दिवसभर विश्लेषण. वेळा तीनच. एक आठवडा सकाळी ७.२०. एक आठवडा दुपारी ३.२०. एक आठवडा रात्री ११.२०. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन वेळांत बरोबर आठ तासांचं अंतर.
म्हणजे गवताचं आतलं घड्याळ आठ तासांचं आहे. ही सातवी शिकलेली. हिनं हे निरीक्षणातून शोधलं असणार. मला कधी बोलली नाही.

१७ मार्च
शनिवारच्या चौकटी सगळ्या रिकाम्या. वर्षानुवर्षं. मुळांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती लागते. हे एकाही लेखात नाही.
टकल्या जागी पुन्हा बी टाकलं.

२१ मार्च
हिच्या पद्धतीनं दुपारी ३.२० ला पाणी. ऊन मी म्हणतंय. पाती भाजली. चतुराबाई म्हणाल्या, भाऊ, गवताला आंघोळ घालता का उकळता? प्रयोग मध्येच सोडायचा नसतो.
पाणी देताना तोंड गेटकडे होतं. मुद्दाम नाही. पाईप तेवढाच पोचतो.

२६ मार्च
रात्रीचा आठवडा सुरू केला होता. दोन दिवस खुर्चीतच झोप लागली. रात्रीची वेळ सध्या स्थगित.

२७ मार्च
२०१६ चं कॅलेंडर. नोव्हेंबर, डिसेंबर कोरे. एकही वेळ नाही.
त्या दोन महिन्यांत मी पीथमपूरला नव्या प्लँटवर होतो. आलो तेव्हा लॉन वाळलेलं. मी पुष्कळ बोललो होतो. घरात बसून एवढंही होत नाही, असं काहीतरी. हिनं दुसऱ्या दिवशी नर्सरीतून नवं गवत आणलं.
हे दोन महिने विश्लेषणातून वगळले.

१ एप्रिल
२०२१ पासून वेळा नाहीत. नुसतं ‘दिलं’. कधी तेही नाही. मी रिटायर झालो आणि हिची शिस्त सुटली. गंमत म्हणजे लॉन सगळ्यात चांगलं त्याच तीन वर्षांत होतं. आम्ही दोघं चहा तिथंच घ्यायचो.
कारण अज्ञात.

४ एप्रिल
योगिनीनं लॉनचा फोटो मागितला. २०२२ चा पाठवला. फारच हिरवा होता.
लगेच फोन आला. म्हणाली, बाबा, कडेला आईचा पदर दिसतोय.
फोटो नीट कापायला हवा होता.

७ एप्रिल
आज कॅलेंडर घेऊन भिंतीपाशी गेलो. शेजारी म्हणून चतुराबाईंनी हिला इतकी वर्षं पाहिलंय. तीन वेळांमागचं तत्त्व त्यांना ठाऊक आहे का, विचारलं.
त्यांनी कॅलेंडर उलटं धरलं. मी सांगितलं तशा वेळा ऐकल्या. म्हणाल्या, भाऊ, ह्या तर तुमच्या बशीच्या वेळा हायेत. तुमची बस यायची झाली का चंद्राबाई नळ सोडायच्या अन् गेटशी उभ्या राहायच्या. नुसतं वाट बघत उभं राहावं तर चार बाया हसतात. हातात पाईप असला का कोण काय म्हणतं? शनिवारी तुमच्या कंपनीला सुट्टी, मग कशाला पाणी? तुम्ही परगावी होते तेव्हा मी म्हटलं होतं, बाई, गवत वाळून चाललं. तर म्हणाल्या, आता कोणासाठी उभी राहू.
मग माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नव्हतं?
मी म्हटलं, ठाऊक होतं.
घरात आलो. शिफ्टचा जुना तक्ता फाईलमध्ये आहे. तो मीच बनवायचो, दर महिन्याला. ताडून पाहिला. जुळला. चार ठिकाणी फरक आला. ते ओव्हरटाइमचे दिवस. त्या दिवशी हिनं दोनदा पाणी दिलंय.

८ एप्रिल
पाणी नाही.

९ एप्रिल
पाणी नाही. ३.२५ ला कडी वाजली. बाहेर गेलो नाही.

११ एप्रिल, रात्री ८
योगिनी आली. तिची पुण्याची बस लेट नव्हती. वेळेवर आली असं म्हणायला हवं, कारण रिक्षातून उतरली तेव्हा ३.२५ झाले होते.
मी गेटशी होतो. हातात पाईप होता. वाट पाहत नव्हतो.
लॉन सगळं पिवळं, कडेनं काळं. दोन ठिकाणी मात्र हिरवंगार. डाव्या हाताला. माझं बी उगवलंय. सहा आठवड्यांत तेवढं एक काम फत्ते झालं, ते मी तिला दाखवलं.
तिनं बॅग खाली ठेवली नाही. विचारलं, बाबा, आई इथंच उभी राहायची ना? कॉलेजातून आले की मला लांबूनच दिसायची.
मी म्हटलं, हो.
ती म्हणाली, तिचे पाय उमटले होते इथं.
मी म्हटलं, हो. तिथंच बी टाकलं.
ती खाली बघत होती. मीही. मग म्हणाली, बाबा, नळ बंद करा. पाणी रस्त्यावर चाललंय.
पुण्याचा विषय तिनं काढला नाही.

१२ एप्रिल, शनिवार
पहाटे उठून त्या दोन जागांवरचं गवत हातानं उपटलं. मुळं खोल गेलेली नव्हती. माती दाबून पूर्वीसारखी केली. पूर्वीसारखी झाली नाही.
श्राद्ध झालं. चतुराबाई जेवायला होत्या. जाताना म्हणाल्या, भिंतीपलीकडून मी पाणी मारीत जाईन, भाऊ, काळजी नका करू. मी जाणार असल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.
संध्याकाळी पुण्याचा विषय मीच काढला. योगिनीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लॉन नाही. गॅलरीत पाच कुंड्या आहेत, पण पाणी घालायला कोणाला वेळ नसतो, म्हणाली. गॅलरीतून काय दिसतं, ते विचारलं. बिल्डिंगचं गेट दिसतं.
ऑफिसातून केव्हा येतेस, तेही विचारलं. साडेसहा. शनिवारी सुट्टी.
संध्याकाळी साडेसहा ही कुंड्यांना पाणी देण्याची शास्त्रीयदृष्ट्या सर्वात योग्य वेळ आहे. शनिवार सोडून.