खुणेखाली उतरलेले पाणी

शातेल-सान्स्वार,
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

ज्याच्या आज्ञेने जळ आणि स्थळ वेगळे झाले, ज्याने प्रत्येक ओघाला त्याची वाट नेमून दिली आणि वाट चुकलेल्यांनाही आपल्या कृपेबाहेर टाकले नाही, त्या परमपित्याला प्रथम वंदन. त्याची शांती तुझ्या घरावर राहो.

प्रिय गास्पारदादा,

तुझे नाताळचे पत्र पोहोचले होते. उत्तर सप्टेंबरात लिहीत आहे, याबद्दल रागावू नकोस. गुडघ्याचे दुखणे आता कसे आहे? वहिनींनी धाडलेला मुरंबा मी एकट्याने संपवला आणि धर्मगुरूला न शोभणाऱ्या लगबगीने संपवला, हे त्यांना अवश्य सांग.

तुझी नात ओरियान मला सायकलवर घेऊन निघाली आहे, हे तुला तिच्याकडून कळलेच असेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा उद्योग कशाला, असे तू म्हणशील. मीही तेच म्हणालो होतो. तिने माझ्या सायकलीला जाड, खरखरीत टायर चढवले आणि त्यांतली अर्धी हवा सोडून दिली.

"अगं, हवा भरायची असते ना?" मी विचारले.

"डांबरावर, छोटे आजोबा. आपण खडीवरून जाणार. खडीशी ताठ राहून चालत नाही, ती आपटते. थोडं नरम व्हायचं, मग तीच वाट देते."

पन्नास वर्षे व्यासपीठावरून जे मी लांबलचक वाक्यांत सांगत आलो, ते या पोरीने पंप हातात धरून सांगितले.

लुआर नदीकाठच्या देसीझहून रविवारी निघालो. कालव्याच्या काठाने, पूर्वी घोडे मालाचे पडाव पाण्यातून ओढीत त्या पांढऱ्या वाटेने, रोज तीस-पस्तीस किलोमीटर. दादा, मी कालव्यावर जन्मलो, पण कालवा मी पाहिलाच नव्हता असे आता वाटते. सकाळी धुके पाण्यावर इतके दाट असते की पुढचे चाकही दिसत नाही. फक्त खडीचा करकर आवाज येतो आणि आपण पुढे सरकतो आहोत एवढेच कळते. मग एकाएकी धुके वर उचलले जाते आणि दोन्ही काठांचे पॉप्लर पाण्यात उलटे, निश्चल उभे दिसतात. एक राखी बगळा आमच्यापुढे उडत राहिला. प्रत्येक वळणावर थांबे, आम्ही आलो की पुन्हा उडे. ओरियान म्हणाली, "याला काय आपण पगारावर ठेवलाय?" मी हसलो नाही. मी बगळ्याकडेच पाहत राहिलो.

बे गावच्या तळ्यांपाशी मी सायकलीवरून उतरून उभाच राहिलो. तिथे माथा आहे. त्या एका उंचवट्यावरचे पाणी एका बाजूने उतरते ते लुआरमधून महासागराला जाते. दुसऱ्या बाजूने उतरते ते आपल्या योन नदीतून, सेनमधून उत्तरेकडच्या खाडीला. पावसाचा एक थेंब वीतभर इकडे की वीतभर तिकडे पडतो, यावर त्याचे सारे आयुष्य ठरते. त्याच्या निर्मात्याच्या सूक्ष्म हिशेबापुढे माझे गुडघे टेकले गेले. ओरियान घाबरली. "चक्कर आली का?" मी म्हणालो, "नाही, प्रार्थना आली." ती म्हणाली, "बरं, पण सांगून येऊ दे पुढच्या वेळी. माझा जीव जातो."

हे सारे मी लिहीत आहे आणि मूळ गोष्टीभोवती फिरत आहे, हे तू ओळखले असशील. तू मला लहानपणापासून ओळखतोस.

काल क्लाम्सीत एका नळावर आम्ही बाटल्या भरल्या. मी नळ तसाच वाहता ठेवून निघालो. ओरियान मागून ओरडली, "छोटे आजोबा, गास्पार केलंत तुम्ही!"

मी विचारले, म्हणजे काय.

"तुम्हाला माहीत नाही? आमच्या घरात विसरण्याला गास्पार करणं म्हणतात. जेवणाच्या टेबलावर सगळे आजोबांना छेडतात, गास्पार, नळ बंद केलास ना? तेही हसतात." मग ती नळ बंद करता करता म्हणाली, "पण आजी सांगते, ते अजून रोज तीन-तीनदा उठून सगळे नळ बघतात. बंद असले तरी."

दादा, मला हे ठाऊक नव्हते. तू कालव्याकडे फिरकत नाहीस एवढेच मला ठाऊक होते.

आज दुपारी आम्ही बाबांनी आणि मग तू राखलेल्या आपल्या जलद्वारापाशी पोहोचलो. घर आहे, पडद्यांचा रंग बदलला आहे. जादा पाणी नदीत सोडायची बाजूची झडप तिथेच आहे, तेच लोखंडी चाक. दगडावरची बाबांनी कोरलेली पाण्याच्या पातळीची खूणही शेवाळाखाली सापडली. मी तिच्यावर हात ठेवला आणि तिथेच दगडावर बसलो.

आता सरळ लिहितो.

एकोणसत्तरच्या ऑगस्टमध्ये, वादळी पावसानंतर पाणी काठोकाठ आले, तेव्हा तू झडप उघडलीस. संत लॉरेन्सच्या सणाचा दिवस होता. तू दोन पेले द्राक्षासव घेतले होतेस आणि तुला नाचाला जायचे होते. तू मला म्हणालास, "सिप्रियँ, पाणी खुणेशी उतरलं की चाक फिरवून झडप बंद कर. विसरू नकोस, पुस्तकी किड्या." हे शब्द तू उच्चारलेस. मी ते ऐकले. मी मान हलवली. मी तेव्हा धर्मविद्यालयातून सुट्टीवर आलो होतो आणि भिंतीला टेकून स्तोत्रांवरचे भाष्य वाचत होतो. सायंप्रार्थनेची घंटा झाली आणि मी झडपेकडे न पाहता सायकलवर बसून देवळात गेलो.

सकाळी कालव्याचा तो टप्पा कोरडा पडला होता. चिखलात मासे पडले होते. लाकडाने भरलेला पडाव कुशीवर कलंडून मध्यातून फुटला होता. तू माझ्याकडे वळून विचारलेस, "मी तुला सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "नाही दादा, तू काहीच सांगितलं नव्हतंस."

तुला खरे वाटले. दोन पेल्यांनी तुझ्या आठवणीला फसवले, असे तुला वाटले आणि तू कालव्याच्या साहेबांपुढे जाऊन म्हणालास, चूक माझी. तुझी नोकरी गेली, घर गेले. बाबा ओसेरच्या भाड्याच्या खोलीत गेले आणि पाण्याचा आवाज ऐकल्याविना वारले. मी मात्र दोन वर्षांनी दीक्षा घेतली.

मी हे ईश्वरापुढे कबूल केले होते. ज्या वृद्ध गुरूंपुढे केले, त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकच गोष्ट सांगितली, तुझ्या भावाला सांग. मी "सांगेन" म्हणालो. ते गेले, माझे सांगायचे राहूनच गेले. हजारो माणसांना मी क्षमेची वचने ऐकवली आणि माझे वाक्य मात्र गिळून बसलो.

ओरियानला मी तिथेच सगळे सांगितले. ती उठली. सायकलवर बसली आणि निघून गेली. मी दगडावर बसून होतो. पाणी खुणेपर्यंत भरलेले, शांत, वर सबंध आकाश धरून. त्या पाण्याने एका उन्हाळ्यात सर्वस्व गमावले होते आणि तरी ते भरून आले होते. हे पाहून मला दिलासा मिळाला नाही. मला भय वाटले. दया एवढी मोठी असते याचे भय.

तासाभराने ती परतली. पाव, चीज आणि कागद आणले होते. डोळे लाल होते.

"खा आधी," ती म्हणाली. "मग लिहा. तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून नाही. त्यांना खरं कळावं म्हणून."

"तू नेशील?"

"रविवारी जेवायला सगळे असतात. मी नेते. पण गोड शब्दांत गुंडाळाल तर परत फेकीन, धर्मगुरू असाल तुमच्या घरचे."

म्हणून हे पत्र ती रविवारी आणील. माझी एक विनंती आहे, तू ते एकट्याने वाचू नकोस. जेवणाच्या टेबलावर, वहिनी, मुले, नातवंडे, सारे असताना ओरियानला मोठ्याने वाचू दे. जिथे ती थट्टा पंचावन्न वर्षे चालली, तिथेच तिला उत्तर मिळाले पाहिजे. तू विसरला नव्हतास, दादा. तुझी आठवण खरी होती. तुला खोटे पाडणारा मी होतो.

क्षमा मी मागत नाही. ती द्यायची की नाही, हे तू ठरवायचे. मी शातेल-सान्स्वारच्या धर्मशाळेत सोमवारपर्यंत आहे. तू बोलावलेस तर येईन. नाही बोलावलेस, तर तेही तुझ्या हक्काचे आहे आणि मी ते मान खाली घालून स्वीकारीन.

तुझा धाकटा भाऊ, ज्याला तू सांगितले होतेस,
सिप्रियँ

आणि हे वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांवर, टेबलाभोवतीच्या लहानथोरांवर आणि हा कागद ज्यांच्या हाती पुढे कधी पडेल त्यांच्यावरही, प्रभूची कृपा असो. तुमच्या मुखी सत्य वेळेवर येवो आणि तुमच्यापैकी कोणालाही दुसऱ्याचा अपराध आपला म्हणून वाहावा न लागो.